परमुलखातला सेवक आणि त्याचे सात दिवस



सातपुड्याच्या पायथ्याशी काम करणाऱ्या तरुण सेवकांविषयी मंडळ्यांत बोलणे निघाले की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला मोठ्याने विचारला जातो, "तो तिथे दिवसभर करतो तरी काय?" दुसरा जरा हळू आवाजात येतो, "आम्ही पोटाला चिमटा घेऊन दान देतो, मग त्याला आठवड्याची सुट्टी कशाला?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. जो देतो त्याला विचारण्याचा हक्क आहे. म्हणून शिरपूर तालुक्यासारख्या ठिकाणी दूरच्या मुलखातून आलेल्या तरुण मिशनऱ्याचा आठवडा कसा जातो, त्यात काम किती, विसावा किती आणि त्या विसाव्याचा उपयोग काय, हे या अंकात समजून घेऊ.

परदेश कोठे सुरू होतो?

शिरपूर हे धुळ्याहून सुमारे ५० किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गावरचे गाव. दक्षिणेला तापी, उत्तरेला सातपुडा आणि घाट चढून गेले की मध्य प्रदेशातील सेंधवा. तालुक्याच्या सपाटीवर कापूस आणि बाजारपेठ आहे. सांगवी, बोराडी, पळासनेर या बाजूंना डोंगर जवळ येतो आणि पावरा व भिल्ल समाजाचे पाडे लागतात. पावऱ्यांची घरे गावठाणासारखी एकमेकांना चिकटून नसतात. ज्याचे घर त्याच्या शेतात. त्यामुळे दहा घरांना भेट द्यायची म्हटले तरी अर्धा दिवस चालण्यात जातो.

विसाव्या शतकात स्वीडन आणि अमेरिकेतून आलेल्या मिशनऱ्यांनी आजच्या धुळे-नंदुरबार भागात मंडळ्या, शाळा आणि दवाखाने उभे केले. नवापूर तालुक्यातील चिंचपाडा येथील ख्रिश्चन हॉस्पिटल हे त्या काळातील कामाचे फळ. आज ते इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन या भारतीय संस्थेकडून चालवले जाते. आता परिस्थिती बदलली आहे. परदेशी नागरिकाला भारतात मिशनरी काम करायचे असेल तर त्यासाठी 'मिशनरी व्हिसा' हा वेगळा व्हिसा लागतो. पर्यटक व्हिसावर येऊन ते काम करता येत नाही. परदेशात राहणारे आपले नातेवाईक "पंधरा दिवस सेवेला येतो" म्हणतात, तेव्हा हे त्यांना आधी सांगावे.

आज खानदेशात येणारा तरुण सेवक बहुधा केरळ, तमिळनाडू, ओडिशा किंवा ईशान्येकडील राज्यांतून येतो. पासपोर्ट लागत नाही, एवढाच काय तो फरक. मल्याळी मुलाला शिरपूरची लिपी वेगळी, भाकरी वेगळी, ऊन वेगळे आणि थंडीही वेगळी. अहिल्यानगर किंवा पुण्याकडचा आपला मराठी मुलगासुद्धा पाड्यावर परकाच असतो. बाजारात त्याला "काय करी ऱ्हायना भाऊ?" असे अहिराणीत विचारतात आणि तो क्षणभर गोंधळतो. पाड्यावर गेला की अहिराणीही मागे पडते, तिथे पावरी किंवा भिली बोलतात. भारतातील भाषांची जी मोठी पाहणी ग्रियर्सन यांच्या देखरेखीखाली झाली, तिच्या १९०७ साली निघालेल्या एका खंडात भिल्लांच्या बोली आणि खानदेशी एकत्र घेतल्या आहेत. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीही अभ्यासकांना या भागाचा भाषिक नकाशा वेगळा मांडावा लागला होता. नुसत्या मराठीवर इथे सरकारी कचेरीतले काम होते. आजारी बाळाच्या आईशी बोलता येत नाही.

मंगळवार ते शनिवार

मिशनऱ्याचा आठवडा सोमवारी सुरू होत नाही, मंगळवारी होतो. याचे कारण पुढे येईल.

उन्हाळ्यात दिवस पहाटे पाचला उजाडतो. प्रार्थना आणि वचनाचे वाचन झाले की भाषेचा धडा. पहिल्या वर्षी हे त्याचे मुख्य काम असते. गुरू बहुधा पाड्यावरचाच एखादा शाळा शिकलेला मुलगा किंवा सवड असलेली आजी. पुस्तक मिळेलच असे नाही, म्हणून वही आणि कान हीच साधने. नातेवाइकांची नावे, शेतीची अवजारे, दुखण्याचे प्रकार, अशा याद्या तो करतो. 'पोट दुखते' एवढे कळून भागत नाही. कुठे दुखते, केव्हापासून, जेवणाआधी की नंतर, हे विचारता आले पाहिजे.

सकाळचे तीन-चार तास घरभेटी. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे अकरानंतर बाहेर फिरणे धोक्याचे. पाड्यावरचे लोकही त्या वेळी सावलीला असतात. दुपारी तो दोन तास आडवा पडला तर त्याला आळस म्हणू नये. गावाच्या घड्याळाप्रमाणे वागणे हेच त्यात शहाणपण आहे.

भेटींमध्ये तो काय करतो? एक उदाहरण घेऊ. भिल्ल, पावरा आणि शेजारच्या इतर आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. आई आणि वडील दोघेही या आजाराचे वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. बाळ वाहक असण्याची शक्यता दोनात एक आणि पूर्ण निरोगी असण्याची चारात एक. वाहक माणूस स्वतः धडधाकट दिसतो, म्हणून त्याला ते ठाऊकच नसते. आजारी मुलाला वारंवार ताप येतो, हातपाय असह्य दुखतात, डोळे पिवळे दिसतात. रक्ताच्या साध्या तपासणीने याचा सुगावा लागतो. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आणि तपासणीवर भर दिला. इथे सेवकाचे काम डॉक्टरचे नाही. मुलाच्या आईला ही गोष्ट तिच्या भाषेत समजावणे, तपासणीच्या दिवशी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा शिरपूरच्या सरकारी रुग्णालयात सोबत नेणे, रांगेत उभे राहणे, कागद सांभाळणे आणि पुढच्या तारखेची आठवण करून देणे, एवढेच त्याचे काम. या 'एवढ्याच'साठी पूर्ण दिवस लागतो.

संध्याकाळी मुलांची शिकवणी. घरी पावरी आणि शाळेत मराठी असल्यामुळे पहिली-दुसरीची मुले गप्प बसतात. ती मठ्ठ नसतात, भाषा अडते. दिवाळीनंतर पाड्यावरची अनेक कुटुंबे ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातकडे जातात. मुले बरोबर जातात किंवा आजी-आजोबांजवळ राहतात. त्या महिन्यांत शिकवणीला कोण आले, कोण गेले, याची नोंद ठेवणे हेही कामच. औषधाची मदत असो की शिकवणी, उपासनेला येण्याची अट कोणालाही घातली जात नाही. हे आपल्या देणगीदारांनीही ध्यानात ठेवावे.

आठवडे बाजाराच्या दिवशी तो घरभेटींना जात नाही, कारण घरी कोणी नसते. तोही पिशवी घेऊन बाजारात जातो. मीठ, तेल, साबण घेता घेता चार पाड्यांची माणसे भेटतात. कुणाचे बाळ बरे झाले, कुणाची म्हैस व्यायली, कुठल्या विहिरीचे पाणी आटले, हे तिथेच कळते. शनिवारी हिशेब, अहवाल, कपडे धुणे आणि रविवारची तयारी.

सेविका भगिनींचा आठवडा याहून अवघड असतो. तरुण मुलाला संध्याकाळी गावातल्या पोरांबरोबर व्हॉलीबॉल खेळता येतो. तरुण सेविकेला ती मोकळीक नसते. अंधार पडण्याआधी खोलीवर परतावे लागते. म्हणून भगिनींना कधीही एकटे ठेवू नये, किमान दोघी असाव्यात. प्रभूनेही शिष्यांना दोघादोघांनी पाठवले होते.

रविवार आणि सोमवार

आपल्यासाठी रविवार विसाव्याचा वार. सेवकासाठी तो सर्वांत जड दिवस. सकाळी एका ठिकाणी उपासना, दुपारी दुसऱ्या पाड्यावर, मध्ये आजाऱ्यांना भेटी, संध्याकाळी तरुणांची गाणी. रात्री तो खोलीवर पोहोचतो तेव्हा घसा बसलेला असतो आणि दुचाकीच्या धुळीने कपडे रंगलेले असतात. म्हणून त्याची सुट्टी सोमवारी आणि आठवड्याची सुरुवात मंगळवारी.

सोमवारी तो काय करतो? उशिरापर्यंत झोपतो. आईला फोन लावून अर्धा तास आपल्या मातृभाषेत बोलतो. सहा दिवस परक्या भाषेत प्रत्येक वाक्य जुळवून बोलणाऱ्यालाच या अर्ध्या तासाची किंमत कळते. तापीची मासळी मिळाली तर आपल्याकडच्या पद्धतीने कालवण करतो आणि घरमालकांकडे वाटीभर देतो. वाचतो, गातो, कधी सातपुड्यात फिरून येतो. संध्याकाळी मुलांबरोबर खेळतो आणि बहुधा हरतो.

वर्षातून एकदा, होळीच्या आधीच्या आठवड्यात, भोंगऱ्या बाजार भरतात. होळीसाठी लागणारे सामान घ्यायला डोंगरातले पाडेच्या पाडे खाली उतरतात. ढोल वाजतात, चांदीचे दागिने घालून बायका येतात, गटागटाने नाच होतो. सेवकाने तिथे जावे का? जावे, पण पाहुणा म्हणून. ढोल ऐकावा, जिलेबी-गोडीशेव खावी, ओळखीच्यांना रामराम करावा. परवानगी न घेता फोटो काढू नयेत आणि त्या दिवशी कोणाला उपदेश करू नये. यजमानाच्या आनंदाच्या दिवशी पाहुण्याने आपले दुकान मांडायचे नसते.

अशा मोकळ्या वेळेचा लाभ कोणत्याही अहवालात मावत नाही. खेळताना मुले त्याच्या चुकीच्या पावरीला हसतात आणि लगेच बरोबर शब्द सांगतात. वहीत महिनाभर न बसलेला शब्द तिथे एका संध्याकाळी बसतो. ज्याने आपल्यासमोर हरण्याची लाज बाळगली नाही, त्याच्याजवळ माणसे आपल्या घरातली अडचणही बोलतात. सोमवारी जुळलेली ओळख गुरुवारी उपयोगी पडते. बाळाची तपासणी करायची की नाही, हे घरातली आजी ठरवते आणि ती ओळखीच्या माणसाचेच ऐकते.

आधीच्यांनी काय केले?

सेवेचा इतिहास पाहिला तर दोन गोष्टी दिसतात.

पहिली, भाषेला वेळ देणाऱ्यांचे काम टिकले. इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरले. त्यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' छापले गेले ते १६१६ साली, म्हणजे ३७ वर्षांनी. पहिल्या वर्षी कोणी त्यांच्याकडे आकडे मागितले असते तर दाखवायला काय होते? स्कॉटलंडचे जॉन विल्सन १८२९ साली मुंबईला आले तेव्हा २४ वर्षांचे होते. पुढे मुंबईच्या शिक्षणक्षेत्रात ज्यांचे नाव झाले, त्या विल्सन यांनी आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी सुरुवातीचे महिने कोकणात बाणकोट-हर्णै येथे मराठी शिकण्यात घालवले.

दुसरी, शरीराची मर्यादा सर्वांनाच असते. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत आले. १८२६ च्या मार्चमध्ये ते नाशिककडे दौऱ्यावर गेले असता तिथे पटकीची साथ होती. जवळची औषधे त्यांनी वाटली आणि परतीच्या वाटेवर २० मार्च रोजी पटकीनेच त्यांचा अंत झाला. वय ४१. त्यांचे सहकारी सॅम्युएल न्यूवेल यांना १८२१ साली याच रोगाने नेले होते. न्यूवेल यांच्या पत्नी हॅरिएट तर मुंबईला पोहोचल्याच नाहीत. त्या १८१२ साली मॉरिशसमध्ये वारल्या, तेव्हा त्या १९ वर्षांच्या होत्या. या माणसांच्या त्यागापुढे आपण नतमस्तक होतो. पण त्यावरून 'सेवकाने झिजून मरावे' असा नियम काढणे बरोबर नाही. त्या काळी पटकीवर इलाज माहीत नव्हता. आज थकव्यावर, मलेरियावर, एकटेपणावर इलाज आहेत आणि ते उपलब्ध करून देणे पाठवणाऱ्यांच्या हातात आहे.

डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर १९१३ साली आफ्रिकेतील लांबारेने येथे दवाखाना काढायला निघाले, तेव्हा पॅरिसच्या बाख सोसायटीने त्यांना उष्ण हवेत टिकेल असा, पायपट्ट्या जोडलेला पियानो भेट दिला. दिवसभर रोगी तपासून रात्री ते तो वाजवत. औषधांच्या पेट्यांबरोबर वाद्य पाठवणाऱ्यांना आपण उधळे म्हणणार का?

वचन काय सांगते?

मार्क ६ मध्ये शिष्य सेवेहून परत येतात. माणसांची इतकी गर्दी असते की जेवायलाही सवड नाही. तेव्हा प्रभू त्यांना आणखी काम देत नाही, एकांती जाऊन थोडा विसावा घ्यायला सांगतो. १ राजे १९ मध्ये एलीया झुडपाखाली मरण मागतो. देवाचा दूत त्याला रागावत नाही, झोपू देतो, दोनदा उठवून भाकर आणि पाणी देतो. पुढचे काम त्यानंतर.

शब्बाथाच्या आज्ञेत आणखी एक बारकावा आहे. निर्गम २० मध्ये विसावा कोणाकोणाला द्यायचा याची यादी आहे. तू, तुझी मुले, दास-दासी, गुरेढोरे आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका. परक्याचे नाव त्या यादीत मुद्दाम घातले आहे. परमुलखातून आलेला माणूस बहुधा विसावा मागायला संकोचतो. त्याला वाटते, मी इथे काम करायलाच आलो आहे. म्हणून तो त्याने मागावा यावर गोष्ट सोडलेली नाही. त्याला विसावा मिळेल हे पाहण्याची जबाबदारी घरधन्यावर टाकली आहे. मिशनच्या कामात घरधनी आपण आहोत.

याचा हिशेबही मांडून पाहा. तरुण सेवकाला पाड्याची बोली कामापुरती यायला दीड-दोन वर्षे लागतात. तिसऱ्या वर्षी तो थकून गावी परतला तर दोन वर्षांचा खर्च गेला आणि नव्या माणसाला पहिल्या धड्यापासून सुरुवात करावी लागली. याहून मोठे नुकसान पाड्याचे होते. ज्या आजीने त्याचे ऐकून नातवाची तपासणी केली, तिने आता नव्या अनोळखी माणसावर विश्वास का ठेवावा? सोमवारच्या सुट्टीचा खर्च त्यामानाने काहीच नाही.

आपण काय करावे?

पहिल्या वर्षी सेवकाला 'किती जण आले' हे विचारू नका. 'बोली कुठवर आली' हे विचारा. आकड्यांची घाई केली की तरुण माणूस आकडे दाखवायला लागतो आणि खरे काम मागे पडते.

सोमवारी त्याला मंडळीच्या कामासाठी फोन करू नका. मित्र म्हणून जरूर करा.

मुलांचे फोटो मागू नका. आजारी किंवा उघड्या मुलाचा फोटो आपल्या वार्तापत्रात छापणे हा त्या आईचा अपमान आहे. आपल्या नातवाचा तसा फोटो आपण छापू दिला असता का?

वर्षातून एकदा त्याला घरी जाता यावे म्हणून प्रवासखर्चाची सोय वेगळी ठेवा. त्या काळात शिकवणी बंद पडू नये म्हणून मंडळीतील एखाद्या निवृत्त शिक्षकाने महिनाभर शिरपूरला जाऊन राहावे. तो महिना त्यांनाही बरेच काही शिकवून जाईल.

अहवालात दर वेळी 'सर्व कुशल आहे' एवढेच येत असेल तर थोडी काळजी करा. पत्र लिहून विचारा, "झोप लागते का? जेवण कसे करतोस? तुझ्याशी बोलायला तिथे कोणी आहे का?" या तीन प्रश्नांनी कित्येक सेवक टिकले आहेत.

प्रार्थनेसाठी विषय: मजुरीला गेलेल्या कुटुंबांचे आरोग्य, सिकलसेलच्या तपासणीला येणारी मुले, नव्याने बोली शिकत असलेले सेवक आणि एकट्याने राहणाऱ्या भगिनींना सोबत मिळावी ही गरज. रविवारच्या उपासनेत सेवकांसाठी प्रार्थना करताच आहात. यापुढे सोमवारीही त्यांची आठवण ठेवा आणि त्यांना स्वस्थ विसावा मिळावा म्हणून मागा.